भूप की देशकार

माझ्या नवऱ्याचं पाळण्यातलं नाव यमाजी. आजेसासऱ्यांचं नाव तेच होतं, म्हणून ठेवलेलं. खोडदच्या माळावर जन्मभर मेंढरं राखणाऱ्या त्या म्हाताऱ्याला ते नाव शेवटपर्यंत पुरलं. नातवाला मात्र पुण्याला जा-ये सुरू झाल्यावर ते टोचायला लागलं. सत्त्याण्णव साली एका संध्याकाळी हे पुण्याहून आले, पायातल्या चपला न काढताच म्हणाले, "सुप्रिया, आजपासून माझं नाव यमन."

"काय?"

"यमन. रागाचं नाव. यमाजी आणि यमन, फारसा फरक नाही बघ. पण कानाला किती वेगळं लागतं!"

त्या दिवशी सासरे, भिमाजी करंडे, खोडदहून नारायणगावला आमच्याकडे आलेले होते. भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी डोळे बारीक केले.

"येमेन? त्यो तर देश हाय ना? बातम्यात सांगत्यात."

"देश नाही आबा. राग."

"राग तर तुला ल्हानपणापास्नं व्हताच की. त्याला नाव कशाला ठिवायचं?"

हे तरातरा आत गेले. मी पदर तोंडात कोंबून हसले. ते हसणं मला पुढं बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरावं लागलं.

मी मंचरची. गाण्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिलेल्या, डी.एड. झालेली आणि नारायणगावजवळच्या शाळेत लागलेली. लग्न ठरताना मध्यस्थानं सांगितलं होतं, मुलगा पेटी वाजवतो, चाली बांधतो. माझ्या आईला वाटलं, भजनी मंडळात वाजवत असेल. मलाही तसंच वाटलं. पण एक गोष्ट पहिल्यापासून खरी होती, ती आजही मी नाकारत नाही. ह्या माणसाला चाल सुचायची. शेंगा फोडता फोडता सुचायची, बसच्या रांगेत सुचायची. शब्द हातात आले की बोटं पेटीवर जायची आणि चहा उकळायच्या आत गाणं उभं राहायचं. देवानं एवढं द्यावं आणि ते सांभाळायची अक्कल देताना हात आखडता घ्यावा, याचं मला फार दिवस नवल वाटत होतं. आता वाटत नाही.

लग्न झालं तेव्हा हे ठकूबाई ओतूरकर यांच्या तमाशात होते. चैत्राच्या तोंडावर नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. ठकूबाईंच्या राहुटीसमोर त्या वर्षांत सगळ्यात जास्त चपला असायच्या. बाई चाळिशीच्या, आवाज उसासारखा, वर सोलीव आणि आत रसाळ. ह्यांनी त्यांच्या 'सोन्याचा नांगर' या वगाची सगळी गाणी बांधली. त्यातली एक लावणी तर अशी चालली की टोमॅटोच्या ट्रकवाल्यांनी ती नाशिकपासून पुण्यापर्यंत पोचवली: 'बाजारात भाव पडला गं, तरी भाव खाते मी!'

शब्दही ह्यांचेच. त्या लावणीत ह्यांनी मध्येच एक जागा अशी घेतली होती की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडावा. मला ती फार आवडायची. मी एकदा तसं म्हटलं तर हे खूश झाले, ठकूबाईंनाही सांगितलं. ठकूबाई म्हणाल्या, "गुरुजीनबाई, तुमचा मालक लई गुणाचा हाय. त्याला फकस्त कुणी चढवू नका. चढला की उतरत न्हाई त्यो."

बाईंना माणसं कळायची. पण चढवणारे आमच्या हातातले नव्हते.

शहाण्णव साली पुण्याहून एक दिग्दर्शक आला, अनिरुद्ध परचुरे. दाढी, झोळी, जाड काचांचा चष्मा. तमाशा पाहायला आला आणि मध्यंतरात ह्यांचे हात हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही मातीतले आहात. आमच्या रंगभूमीला माती हवी आहे."

आमच्याकडे मातीची कमी नव्हती. हे लगेच पुण्याला गेले.

परचुरेंनी नवं संगीत नाटक काढलं होतं, धनगरांच्या जीवनावर. लिहिणाऱ्यानं धनगर पाहिला होता तो बहुतेक दिनदर्शिकेवर. नाटकातल्या मेंढ्या कापसाच्या होत्या आणि नायिका प्रयोगाआधी पावडर पुसून काजळी लावायची. पण ह्यांची गाणी उत्तम झाली. ढोलाच्या ठेक्यावर एक विलापगीत होतं, त्यानं प्रेक्षागृहातल्या बायका डोळे पुसत बाहेर पडायच्या. स्पर्धेत संगीताचं पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात ह्यांच्या खांद्यावर घोंगडी होती.

ती घोंगडी सासऱ्यांची. घरात असताना ह्यांनी तिला कधी हात लावला नव्हता, वास येतो म्हणायचे. आता दर वेळी पुण्याला जाताना पिशवीत घालून न्यायला लागले. नारायणगावच्या स्टँडवर चढताना झब्बा-जाकीट आणि अत्तर, शिवाजीनगरला उतरताना घोंगडी आणि कोल्हापुरी चपला. परतीला उलट. नारायणगावात हे पुण्याचे आणि पुण्यात हे खोडदचे. सासऱ्यांनी एकदा विचारलं, "आरं, माझी घोंगडी कुठं हाय? गारठ्यात पांघरायची ती." मी सांगितलं, "नाटकात काम करतीय." म्हातारा म्हणाला, "बरंय. घरात कुणीतरी काम करतंय."

पुढची पायरी गद्रेबुवांची. बुवा पुण्यातले जुने गवई, घराण्याचे, पेठेत राहायचे. त्यांनी ते नाटक पाहिलं आणि निरोप पाठवला की पोराचा कान चांगला आहे, पण फुकट चाललाय. हे धावतच गेले. बुवांनी गंडा बांधला आणि पहिल्याच दिवशी अट घातली: नाटक बंद, तमाशाचं तर नावही काढायचं नाही. सूर विटाळतो.

कोणाही स्वाभिमानी माणसानं विचारलं असतं की बुवा, तुमच्या दारापर्यंत मला आणलं ते कुठल्या सुरानं? ह्यांनी विचारलं नाही. ह्यांनी मान डोलावली, आणि त्याच आठवड्यात घरी येऊन यमाजीचा यमन केला.

मग घरात पहाटे तंबोरा सुरू झाला. शिकले, हे मात्र खरं. मनापासून शिकले. बुवांकडे जाऊन-येऊन दोन-तीन वर्षांत हे एवढं पुढं गेले की बुवा स्वतः कधीमधी चपापायचे. आणि मग ह्यांनी बंदिशी बांधायला घेतल्या. बंदिशीत 'यमनपिया' अशी छाप. माझ्या नवऱ्याला हिंदी येत होती ती दूरदर्शनवरच्या मालिकांइतकी, पण बंदिशी व्रजभाषेत. बलमा, पिहरवा, ननदिया. ह्यांच्या बंदिशीतल्या सासू-नणंदा व्रजात छळायच्या. खोडदची माझी सासू सरळ मराठीत छळायची. मी एकदा विचारलं, "मराठीत का नाही बांधत?"

"मराठीत शास्त्रीय वाटत नाही."

"मग तुम्हाला स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात?"

ह्यांनी तंबोरा जुळवायला घेतला. स्वप्नंही बहुधा बुवांना विचारून पडत असावीत.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या फाल्गुनात ठकूबाई घरी आल्या. मी शाळेतून नुकतीच आले होते. बाईंचं वय दिसायला लागलं होतं. बरोबर मिठाईचा पुडा. जत्रेचा हंगाम तोंडावर होता आणि त्यांना नवा वग करायचा होता. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. हे आतल्या खोलीत रियाजाला बसले होते. मी जाऊन सांगितलं. हे उठून उंबऱ्यापर्यंत आले, पण उंबरा ओलांडला नाही.

"बाई, आम्ही ते सोडलं."

ठकूबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. "आमी? आमी म्हंजी किती जण हायसा तुमी?"

"म्हणजे मी. मी आता शास्त्रीय करतो. गुरूंची आज्ञा आहे."

"चांगलं हाय की. मी कुठं तुमाला नाचाया सांगतीय? चार चाली बांधून द्या. नाव नगा लावू."

"नाव लावलं नाही तरी सूर विटाळतो."

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. ठकूबाई उठल्या. त्या चिडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

"यमाजी," त्या म्हणाल्या, "तुमचा सूर माज्या गळ्यात चार वरसं ऱ्हायला. इटाळला आसंल तर इथंच इटाळला. पर मग तवा त्यो लोकांना ग्वाड कसा लागला?"

पुडा तिथंच ठेवून बाई गेल्या. मी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेले. जीप भरेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. त्या माझ्याशी पावसापाण्याचं बोलल्या, ह्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. घरी आले तर हे पुड्यातला पेढा खात होते. म्हणे, अन्नाचा अपमान करू नये.

बुवांच्या कृपेनं पुण्यात ह्यांच्या काही बैठकी झाल्या. एका मोठ्या बैठकीला मीही गेले होते. ह्यांनी स्वतःच्या बंदिशी गायल्या आणि सुरेख गायल्या. पण गाण्याआधी बुवांनी ओळख करून दिली. "हे आमचे यमनराव. तमाशातून वर आलेले आहेत. चिखलात कमळ उगवतं म्हणतात, ते असं." श्रोते कौतुकानं हसले. हेही हसले, हात जोडून. परतीच्या बसमध्ये मात्र राजगुरुनगर येईपर्यंत हातातल्या तिकिटाच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "चिखल म्हणायला नको होतं त्यांनी."

"तुम्ही ठकूबाईंना विटाळ म्हणालात."

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"तुला कळायचं नाही."

मला सगळं कळत होतं. एवढंच की चिखल म्हणणाऱ्याचे पाय धरायचे आणि पेढे देणाऱ्याला विटाळ म्हणायचं, या शास्त्रातल्या परीक्षा मी दिल्या नव्हत्या.

बुवा दोन हजार तीन साली वारले. त्यांच्यामागं त्यांचा पुतण्या घराण्याचा वारस झाला. त्याला कमळाची गरज नव्हती. ह्यांना बोलावणं येईना. परचुरेंकडे जावं तर मध्यंतरी एका मुलाखतीत हे बोलून बसले होते की नाटकातलं संगीत म्हणजे गाण्याची उष्टी पत्रावळ. परचुरेंनी ते कात्रण म्हणे तालमीच्या खोलीत भिंतीला लावलं होतं. तमाशाचं दार तर ह्यांनी स्वतःच्या हातानं ओढून घेतलेलं. अष्टपैलू माणूस म्हणतात तो हा: आठही बाजूंनी बंद.

मग हे नारायणगावच्या घरात क्लास घेऊ लागले. टोमॅटो आणि द्राक्षवाल्यांच्या मुली यायच्या, परीक्षांपुरतं शिकायच्या. दारावर पाटी होती, 'पं. यमनकुमार'. 'कुमार' हे मध्येच कधी चिकटलं, ते मला कळलं नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाला कुमार व्हावंसं वाटत असेल.

दोन हजार सात साली जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या. आमच्या गटात दोन तगडे अपक्ष उभे होते. हौशीराम अण्णांची निशाणी कपबशी, सावळेराम बापूंची विमान. त्या वर्षी प्रचाराच्या गाण्यांची टूम होती. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवायचे आणि जीपवर भोंगा लावून गाव डोक्यावर घ्यायचं. अण्णांचा कार्यकर्ता पप्पू घरी आला, वाकून ह्यांच्या पाया पडला.

"पंडितजी, सिनेमाची चाल समदेच लावत्यात. आपल्याला वरिजनल पायजे. तुमच्यासारका मानूस आख्ख्या तालुक्यात न्हाई."

पंडितजी विरघळले. वर्षानुवर्षं कोणी पाया पडलं नव्हतं. गाण्याचे शब्द पप्पूचेच होते: 'कपबशी आली दारी, अण्णांची बातच न्यारी.' ह्यांनी ते शब्द सोन्याच्या ताटात घेतल्यासारखे घेतले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना बापूंचा माणूस येऊन गेला, बहिरू. तोही पाया पडला. त्यानं वर 'गानमहर्षी' म्हटलं. पंडितापेक्षा महर्षी मोठा, त्यामुळे हे त्यालाही हो म्हणाले. संध्याकाळी मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"अहो, दोघांना कसं देता? कोणातरी एकाला नाही म्हणा."

"का? कलावंताला पक्ष नसतो."

"डोकं असतं ना?"

"तू बघच," असं म्हणून ह्यांनी पेटी ओढली.

आणि इथं मला खरं बोलायला हवं. त्या दोन दिवसांत ह्या माणसानं जे केलं, तसं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही. अण्णांच्या सभा संध्याकाळी असायच्या, म्हणून त्यांचं गाणं भूपात बांधलं. बापूंची जीप सकाळी फिरायची, म्हणून त्यांचं देशकारात. दोन्ही रागांत तेच पाच सूर. मध्यम नाही, निषाद नाही. पण भूप खाली गंधाराशी घर करून बसतो, शांत, दिवेलागणीचा. देशकार वर धैवताला जाऊन उभा राहतो, उन्हं आल्यासारखा. कपबशी आणि विमानाच्या त्या भिकार शब्दांना ह्यांनी असे सूर दिले की माझ्या अंगावर काटा आला. तमाशातला ठेका होता, नाटकातली पकड होती, बुवांची तालीम होती. सगळं आयुष्य एकदाचं एका जागी आलं. आलं, आणि जीपच्या भोंग्यावर जाऊन बसलं.

शनिवारी नारायणगावचा बाजार. मी भाजी घ्यायला चौकात होते. दुपार टळत होती, टोमॅटोचे ट्रक हायवेवर खोळंबलेले, जुन्नरच्या जीपा माणसं भरत होत्या. अण्णांची जीप वारूळवाडीकडून आली आणि बापूंची जीप ओझरच्या बाजूनं. त्या दिवशी प्रचार संपायचा होता, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा हिशेब कोणी पाळत नव्हतं. दोन्ही भोंगे एकमेकांसमोर आले.

'कपबशी आली दारी...'

'इमान निघालं गगनी...'

लोक थांबले. कोणीतरी ओरडलं, "आरं, एकच चाल हाय की!" झालं. शिट्ट्या, आरोळ्या. पप्पू आणि बहिरू जीपवरून उड्या टाकून एकमेकांच्या गळपट्टीला गेले. गाणं आमचं चोरलं, न्हाई, तुमीच चोरलं. मग दोघांनाही एकदम आठवलं की चाल बांधणारा एकच आहे. पाच-सहा जण आमच्या घराकडे धावले आणि पंडितजींना हाताला धरून चौकात घेऊन आले. मी भाजीची पिशवी छातीशी धरून गर्दीत घुसले.

"पंडितजी, ही काय भानगड?" पप्पू ओरडला. "त्यांची चाल आन् आमची चाल एकच!"

"एक नाही," हे शांतपणे म्हणाले. "तुमचा भूप आहे. त्यांचा देशकार."

"कोन भूप? आमच्यात कोन भूप न्हाई. आमचं अण्णा!"

लोक हसायला लागले. ह्यांना वाटलं, समजावलं तर समजेल. जन्मभर हेच वाटत आलं ह्यांना. "हे बघा, सूर तेच पाच आहेत. पण भूपात वादी गंधार, आणि देशकारात—"

"वादी?" बहिरूचे डोळे मोठे झाले. "म्हंजी अण्णांनी कोर्टात केस टाकली?"

आता चौक नुसता गदगदत होता. हे रागानं लाल झाले. कोणाला काही कळायच्या आत समोरच्या जीपच्या टपावर चढले, भोंग्याचा माइक हातात घेतला. "ऐका! गाढवांनो, ऐका! हा भूप." आणि गायले. "आता हा देशकार." आणि गायले.

देशकाराच्या धैवतावर ह्यांनी सूर लावला आणि मी पिशवी खाली ठेवली. इतका खरा सूर बुवांच्या बैठकीतही लागला नव्हता. भर बाजारात, ट्रकच्या हॉर्नमध्ये, डोळे मिटून हा माणूस उभा होता आणि दोन राग वेगळे असल्याचं सिद्ध करत होता. वेगळे होतेच. अख्ख्या चौकात ते एकट्या मला ऐकू आलं असेल.

पहिला टोमॅटो कुठून आला, ते दिसलं नाही. त्या आठवड्यात टोमॅटोला भाव नव्हता, क्रेटच्या क्रेट ओतून दिलेले होते, त्यामुळे कोणी हात आखडता घेतला नाही. पांढरा झब्बा बघता बघता लाल झाला. ह्यांनी डोळे उघडले, समेवर आले, मगच माइक खाली ठेवला. मी हात देऊन उतरवलं. घरी येईपर्यंत हे एकच वाक्य म्हणत होते, "कानच नाहीत. कानच नाहीत लोकांना."

मला दया आली. आंघोळीला पाणी काढलं, झब्बा भिजत घातला. त्या दिवशी ह्यांनी मुकाट्यानं बसून दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "चुकलंच माझं. दोघांना द्यायला नको होतं." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा 'चुकलं' हा शब्द ऐकला. मला वाटलं, माणूस ताळ्यावर आला. माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

निवडून अण्णाही आले नाहीत आणि बापूही. तिसराच आला, ज्याचं गाणंच नव्हतं. पण एका वार्ताहरानं चौकात फोटो काढला होता: जीपवर उभा गवई, मिटलेले डोळे, झब्ब्यावर टोमॅटो. तो फोटो पुण्याच्या पेपरात गेला आणि तिथं कोणा विद्वानानं त्यावर लेख लिहिला. शास्त्रीय संगीत रस्त्यावर नेणारा बंडखोर, असं काहीसं. आठवड्याभरात परचुरेंचा फोन आला. उष्टी पत्रावळ ते विसरले होते. त्यांनी चर्चासत्र ठेवलं होतं, विषय 'राग आणि रस्ता'.

मी पहिल्या रांगेत बसले होते. हे व्यासपीठावरून म्हणाले, "मी तो प्रयोग मुद्दाम केला. दोन प्रतिस्पर्धी, दोन समान स्वरांचे राग. मला समाजाच्या कानाची परीक्षा घ्यायची होती." लोक माना हलवत होते. "आणि तो टोमॅटो? तो मी प्रतिसाद मानतो." टाळ्या. पाया पडणाऱ्या पप्पूचं नाव नाही, गानमहर्षीचं नाव नाही. तमाशातली वर्षं मात्र होती. आता ठकूबाई 'माझी लोकविद्येची गुरू' झाल्या होत्या. बाई तेव्हा ओतूरला दम्यानं अंथरुणाला खिळून होत्या. मी मधून मधून भेटायला जायचे. हे कधी गेले नाहीत.

मग पुरस्कार. सोबत प्रदर्शन होतं, त्यात 'तो' झब्बा काचेच्या पेटीत ठेवायचा होता. हे माझ्याकडे मागायला आले.

"धुऊन टाकला तो मी," मी म्हटलं. "कधीच."

"धुतला? अगं, ते ऐतिहासिक होतं!"

"डाग होता तो. साबण लावला, निघाला."

थोडा वेळ हे येरझारा घालत राहिले. मग टोपलीतून एक मोठा, पिकलेला टोमॅटो निवडला, झब्बा ओट्यावर पसरला आणि स्वतःच्या हातानं चोळला. छातीवर एक, बाहीवर एक. लांबून बघितलं, मान वाकडी केली, आणखी थोडा खांद्यावर. चाल बांधताना शेवटची जागा घेतात, तसं. मी शेजारी उभी राहून बघत होते. हसूही आलं नाही.

आता ह्यांचा मुक्काम बहुतेक पुण्यातच असतो. लोकसंगीत, नाटक, शास्त्रीय, तिन्हीवर व्याख्यानं देतात. माहितीपत्रकात 'बहुआयामी' असा शब्द असतो. नाव पुन्हा यमाजी केलंय, कारण आता मातीचं मोल वाढलंय. सासरे असते तर काहीतरी बोलले असते. मी मुख्याध्यापिका झाले, घर नारायणगावलाच ठेवलं. कितीदा म्हणतात, पुण्याला ये. मी जात नाही.

गेल्या महिन्यात आले होते रविवारी. सकाळी अंघोळीला गेले आणि आतून गुणगुणणं ऐकू आलं. देशकार होता. शब्द नव्हते, माहितीपत्रक नव्हतं, नुसता सूर. मी ओल्या हातांनी न्हाणीच्या दाराशी उभी राहिले. कितीतरी वेळ.

दार उघडून हे बाहेर आले, मला पाहिलं आणि चेहरा एकदम व्याख्यानाचा झाला. "ऐकलंस? आत्ता मी धैवतावर जो ठहराव घेतला ना, त्यामागची भूमिका अशी की—"

मी स्वयंपाकघरात गेले आणि चटणीचा मिक्सर लावला.